नाव सातबाऱ्यावर, बाई तुरुंगात



मागच्या बैठकीत एका कार्यकर्तीनं एक बातमी वाचून दाखवली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात काही ठिकाणची स्थानिक सरकारं गांजाची लहान शेती करणाऱ्यांना अनुदान देतात, आणि त्यात बायकांचा वेगळा विचार केला आहे, अशी ती बातमी. खोलीत हशा पिकला. "आपल्या झेडपीनं शिलाई मशीनऐवजी गांजाची रोपं वाटली तर?" असं कुणीतरी म्हणालं आणि हसणं आणखी वाढलं. भिंतीला टेकून बसलेली एक बाई मात्र हसली नाही. तिच्याकडे लक्ष गेलं तशा एकेक करत सगळ्याजणी गप्प झाल्या.

तिची हकिगत आपल्यातल्या काहीजणींना ठाऊक आहे. नाव-गाव इथे देत नाही. जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं कोरडवाहू गाव, नवऱ्याची तीन एकर जमीन, दोन मुलं. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्यासाठी आपण गावोगाव फिरलो, तेव्हा ती आपणहून पुढे आली. नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं, ते १९९२ चं लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक आपण तेव्हा सगळीकडे वाचून दाखवत होतो. तिच्याबरोबर तलाठ्याकडे मी स्वतः चार खेपा घातल्या. नाव लागलं त्या दिवशी ती ऑफिसात पेढे घेऊन आली होती.

दीड वर्षानं तिच्या दिरानं त्या रानात तुरीच्या ओळींमध्ये गांजाची झाडं लावली. नवऱ्याला ठाऊक होतं. तिला ठाऊक होतं का? खुरपायला तीच जाते, तेव्हा ठाऊक नव्हतं म्हणणं खोटं ठरेल. तिनं एकदा विचारलं, तर "तू तुझं काम कर" असं उत्तर मिळालं. मग एका सकाळी धाड पडली. झाडं मुळासकट उपटून ओली, मातीसह तोलली. काटा चोपन्न किलोवर गेला. दीर पसार झाला. त्या गटाच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव नव्हतंच. नवरा-बायको दोघंही आरोपी झाले. आठ महिने ती आत होती. धाकटा आजीकडे गेला, थोरलीची शाळा सुटली, बचतगटाचे हप्ते थकले म्हणून गटातल्या बायकाही रागावल्या. जामिनावर सुटल्यावर भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, आमच्या घरात आजवर कुणा बाईचं नाव सातबाऱ्याला नव्हतं. माझं लागलं, आणि माझ्या नावानं पहिला कागद आला तो पोलिसांचा."

तिला मी काहीच उत्तर देऊ शकले नाही. तेव्हापासून या विषयावर जे वाचलं, विचारलं, ते इथे मांडते आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. अमली औषधी द्रव्यांचा कायदा १९८५ चा, १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झालेला. गांज्याची लागवड करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. जप्त माल एक किलोपर्यंत असेल तर तो 'अल्प प्रमाण' आणि वीस किलोंहून जास्त असेल तर 'व्यापारी प्रमाण' समजला जातो. व्यापारी प्रमाणात बसलं की शिक्षा दहा ते वीस वर्षांवर जाते आणि जामीन फार कठीण होतो, कारण आरोपी दोषी नसावा असं मानायला वाजवी आधार आहे, असं न्यायालयाला जामिनाच्या वेळीच पटावं लागतं. इथेच त्या ओल्या, मातीसकट तोललेल्या झाडांचा प्रश्न येतो. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे वा फळांचे शेंडे. शेंडा सोबत नसेल तर पानं आणि बी त्यात धरलेलं नाही. खोड, मुळं आणि माती तर नाहीच नाही. २०२२ मध्ये एका जामीन अर्जावर मुंबई उच्च न्यायालयानं ही व्याख्या स्पष्टपणे लक्षात घेतली. पण गावातल्या धाडीत शेंडे वेगळे काढून तोलायला कोण बसतं? डझन-दोन डझन वाढलेली झाडं अशी ओली तोलली की वीस किलोंचा आकडा सहज ओलांडला जातो. घरची चार माणसं पोट भरण्यासाठी जे करतात ते एका काट्यावर 'व्यापार' होऊन जातं.

याच कायद्यात आणखी दोन कलमं आहेत, ती आपल्या महिला सरपंचांनी जरूर वाचावीत. आपल्या जमिनीवर बेकायदा लागवड झाल्याचं समजलं, तर जमीनधारकानं पोलिसांना ताबडतोब कळवलं पाहिजे. जाणूनबुजून कळवलं नाही तर तोही गुन्हा. आणि तेच बंधन पंच, सरपंच आणि गावच्या इतर अधिकाऱ्यांवरही आहे. म्हणजे आमच्या या बाईनं नाव लागल्याबरोबर नवऱ्याविरुद्ध आणि दिराविरुद्ध पोलीस ठाण्यात जायला हवं होतं, आणि नंतर त्याच घरात भाकरी थापायला परत यायचं. तिच्या गावची सरपंचही बाईच होती. धाडीच्या दिवशी तिला पंच म्हणून बोलावलं, तिनं सही केली. पूर्ण प्रकरणात ग्रामपंचायतीचा संबंध आला तो एवढाच.

कॅलिफोर्नियाची बातमी मला म्हणूनच हसण्यावारी नेववली नाही. याच पिकाच्या बाबतीत तिथे स्थानिक सरकारकडे खबर देण्यापलीकडेही काही काम आहे.

तिथल्या हम्बोल्ट परगण्यात डोंगरांत लपूनछपून गांजा पिकवणारी हजारो कुटुंबं होती. १९८३ पासून सरकार हेलिकॉप्टरं घेऊन दरवर्षी झाडं उपटत फिरे. नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्यातल्या लोकांनी मतदानानं गांजा कायदेशीर केला. त्याबरोबर प्रश्न आला की इतकी वर्षं ज्यांनी धाडी सोसल्या, तुरुंग भोगला, त्यांना आता परवान्याची फी, पाण्याच्या परवानग्या, रस्ते, नकाशे यांचा खर्च परवडणार का? की पैसेवाले येऊन त्यांचं पीक उचलून नेणार? ओकलंड शहरानं २०१७ मध्ये यासाठी वेगळी योजना केली. २०१८ मध्ये राज्यानं कायदा करून अशा योजना आखणाऱ्या शहरांना आणि परगण्यांना निधी द्यायला सुरुवात केली. हम्बोल्टच्या योजनेत पात्रतेच्या अटी काय आहेत ते पाहा. आधी गांज्याच्या गुन्ह्यात अटक झालेली असणं, लहान शेती असणं, धाडींच्या भागात राहिलेलं असणं. आणि एक अट अशी की या धंद्यात काम करताना लैंगिक अत्याचार, शोषण किंवा घरातली मारहाण सोसलेली असणं. चोरट्या शेतीच्या दिवसांत बायका काय सोसत होत्या हे तिथल्या सरकारी कागदावर नोंदलं गेलं, ते पाहून मी थबकले.

या योजनांना इंग्रजीत जो शब्द आहे त्याला आपल्याकडे 'समन्यायी' म्हणता येईल. नगरकरांच्या कानाला तो नवा नाही. २००५ च्या कायद्यानंतर मुळा आणि भंडारदऱ्याचं पाणी जायकवाडीला सोडायची वेळ आली की आपल्याकडे या शब्दावर किती आंदोलनं होतात ते ठाऊक आहेच. ज्याच्या वाट्याला आजवर कमी आलं त्याला आधी, हा त्याचा सरळ अर्थ. जमिनीच्या, पिकाच्या, परवान्याच्या बाबतीत हा शब्द आपण बायकांसाठी कधी वापरला?

तिथे सगळं गोड झालं असं मात्र कुणी समजू नये. सुरुवातीला मोठ्या शेतांना बंदी असेल असं सांगितलं होतं. पण लहान शेताचे परवाने एकानं कितीही घ्यायला मुभा ठेवली आणि पैसेवाल्यांनी ढिगानं परवाने घेऊन तीच मोठी शेतं केली. २०२१ नंतर भाव कोसळले, हम्बोल्टला क्षेत्रावरचा आपला करही थांबवावा लागला, आणि अनुदान मिळालेल्या लहान शेतकऱ्यांनीही शेती सोडली. शहरांत तर अनुदानासाठी एक गरीब माणूस पुढे उभा करायचा आणि मागून धंदा दुसऱ्यानं चालवायचा असेही प्रकार झाले. हे वाचताना मला आपले सरपंचपती आठवले. सही बाईची, खुर्ची भाऊसाहेबांची!

आता आपल्या मातीकडे येऊ. गांजा हे पीक नगर जिल्ह्याला परकं नाही, हे आपल्यातल्या पुष्कळजणींना माहीत नसेल. मुंबई इलाख्यात हे पीक ज्या जिल्ह्यांत मुख्यतः होत असे, त्यांत नगर होता. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारनं या मादक पदार्थांची चौकशी करायला एक आयोग नेमला. त्यानं देशभरात ११९३ साक्षी घेतल्या, आणि त्याच्या सात खंडांच्या अहवालात नगरच्या लागवडीची नोंद आहे. परवाना होता, कर होता, सरकारला महसूल मिळत होता. आयोगाचं म्हणणं पडलं की सरसकट बंदीची गरज नाही, कर आणि परवाने यांच्या आधारे नियंत्रण ठेवावं. या पिकात नर झाडं शोधून उपटून टाकतात आणि मादी झाडं राखतात, कारण किंमत मादीच्या तुऱ्यालाच असते. नराला उपटून टाकायची रीत शेतीत इतरत्र कुठे ऐकली नाही, असं एक मैत्रीण म्हणाली. हसायला हरकत नाही. पण पैसा त्या मादी झाडाच्या मालकाला मिळे, आणि तो मालक पुरुषच असे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला, १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि १९८५ च्या कायद्यानं लागवड गुन्ह्यात गेली. पण त्याच कायद्यात एक वाट ठेवलेली आहे. धागा, बी किंवा बागायतीच्या कामासाठी भांगेच्या झाडाची लागवड करायला सरकार हुकूम काढून परवानगी देऊ शकतं. आपण अंबाडीचा वाक काढतो तसाच या झाडाचाही धागा निघतो. यात ज्या वाणात नशेचा अंश अगदी कमी असतो, तेच लावायचे. उत्तराखंडानं २०१८ मध्ये हे सुरू केलं. नशेच्या द्रव्याची मर्यादा ०.३ टक्के ठेवली. तिथल्या डोंगरी घरांत भांगेच्या बियांची चटणी बायका पिढ्यान्‌पिढ्या वाटत आल्या आहेत. तरी पहिला परवाना गेला तो एका उद्योग संघटनेला, एक हजार हेक्टरच्या प्रयोगासाठी. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं या बियांना आणि त्यांच्या तेलाला खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. जानेवारी २०२५ मध्ये हिमाचलच्या मंत्रिमंडळानं पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांना चाचणी लागवड करायला सांगितलं. वारं कुठून वाहतं आहे ते यावरून दिसतं. महाराष्ट्रानं अजून असं धोरण केलेलं नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं कुठल्याच पिकाला भाव नाही म्हणून दोन एकर गांज्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली, तेव्हा अर्ज पोलिसांकडे गेला. वर्तमानपत्रांत मात्र त्याची खूप चर्चा झाली.

इथे आपल्यातल्या अनेकजणींच्या मनात जो प्रश्न आला असेल तो मलाही टाळायचा नाही. आपण दारूविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या बायका. २०१६ मध्ये पारनेर तालुक्यातल्या निघोजच्या बायकांनी मतदान घडवून आडवी बाटली निवडून आणली, तेव्हा आपण सगळ्यांनी त्यांचा अभिमान बाळगला. मग आता भांगेच्या शेतीची बाजू कशी घ्यायची? मला स्वतःला गांज्याची दुकानं गावात नकोत. नवरा दारू पितो का गांजा ओढतो यानं बाईच्या पाठीवरच्या वळांत फरक पडत नाही. पण आडवी बाटली करताना आपण कोणाशी लढलो ते आठवा. परवानेवाल्या दुकानदाराशी लढलो, त्याला पाठीशी घालणाऱ्यांशी लढलो. हातभट्टीवर लाकडं घालणाऱ्या विधवेला तुरुंगात टाका असं आपण कधी म्हटलं नाही. तिला दुसरं काम द्या म्हणत आलो. धाग्याच्या आणि बियांच्या शेतीचा प्रश्न तर नशेचाही नाही. तो परवाना कुणाच्या नावानं निघणार, याचा आहे.

आणि याचं उत्तर आपल्या जिल्ह्यानं आधीच एकदा दिलेलं आहे. सरकारच्या मदतीनं उभं राहिलेलं आपलं पीक म्हणजे ऊस. १९५० मध्ये लोणीला, प्रवरेकाठी, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. कारखान्यांना सरकारनं भागभांडवल दिलं, कर्जाला हमी दिली, परवाने दिले. लहान शेतकऱ्यासाठी केलेलं ते फार मोठं काम होतं, त्याला मी कमी लेखत नाही. पण सभासद कोण? ज्याच्या नावावर ऊस त्याचा शेअर, आणि ज्याच्या नावावर जमीन त्याच्या नावावर ऊस. बाई त्या कारखान्याच्या हिशेबात आली ती कोयत्याचा अर्धा भाग म्हणून. पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून जोडपी तोडणीला जातात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको दोघं, उचल मात्र मुकादमानं नवऱ्याच्या हातात द्यायची. पहाटे मोळ्या डोक्यावरून ट्रकवर चढवणारी बाई वार्षिक सभेला कधी बसली नाही. सरकारी मदत देताना आधी सातबारा मागितला की बाकीचं सगळं आपोआप ठरत जातं.

२०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीच्या खात्यांपैकी सुमारे १४ टक्के खाती बायकांची होती. उद्या धाग्याच्या पिकासाठी अर्ज मागवले आणि सोबत सातबारा जोडायला सांगितला, तर बाकीच्या बायका अर्जाच्या खिडकीपर्यंतसुद्धा पोचणार नाहीत. संगमनेरला १९८८ मध्ये परित्यक्तांची परिषद झाली तेव्हापासून आपण म्हणतो आहोत की टाकलेल्या बाईला ना माहेरचा सातबारा, ना सासरचा. ती भावाच्या शेतात राबते किंवा वाट्यानं घेते. तिनं परवाना कशावर मागायचा? आणि जिच्यावर आधीच खटला आहे तिला तर चारित्र्याचा दाखलाच मिळणार नाही. हम्बोल्टमध्ये जी अटक अनुदानाला पात्र ठरवते, तीच इथे बाईला कायमची बाद करेल. बैठकीत न हसलेली आपली ती मैत्रीण दोन्हीकडून मारली जाईल.

म्हणून धोरण यायच्या आत बोललं पाहिजे. एकदा नियम छापून आले की आपल्या हाती मोर्चाच उरतो. राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. हिमाचलसारखी चाचणी इथे व्हायची असेल तर आधी हे पीक आपल्या पावसात येतं का, नशेचा अंश आपल्या उन्हात मर्यादेत राहतो का, आणि मर्यादा ओलांडली म्हणून पीक नष्ट करावं लागलं तर भरपाई कोण देणार, हे तिथे तपासावं. ते पीक पैसे देईल असं मी आज कुणालाही सांगणार नाही. परवाना जमिनीच्या मालकीबरोबरच कसण्यावर आणि बायकांच्या गटावरही मिळावा. एका घराला एकच मिळावा आणि तो विकत घेऊन साठवता येऊ नये. ग्रामपंचायतीला आणि जिल्हा परिषदेला आपल्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला आणि बालकांसाठी खर्चायचा असतो. त्यातून पिको-फॉलच्या मशीन आल्या, पिठाच्या गिरण्या आल्या. काही चालतात, काही सरपंचांच्या पडवीत पोत्याखाली आहेत. त्याच निधीतून बायकांच्या गटाला बियाणं, तपासणीचा खर्च आणि वकिलाची फी का मिळू नये? वकिलाची फी मी मुद्दाम लिहिली आहे. परवाना असलेल्या शेतातही धाड पडू शकते, आणि त्या दिवशी बाईला कागद दाखवून बोलणारं कुणी हवं.

आणि परवान्यांची वाट न बघता आज करायची गोष्ट म्हणजे सातबाऱ्यावर नाव आहे एवढ्यावरून बायकोला आरोपी करू नये, तिचा स्वतःचा सहभाग दाखवावा, आणि जप्त झाडांचे शेंडे वेगळे काढून पंचांसमक्ष तोलावेत. हे आपण पोलीस अधीक्षकांकडे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी मागितलं पाहिजे. निवेदनाचा मसुदा तयार आहे, ऑफिसात मिळेल. जिल्ह्याला २०२४ मध्ये अहिल्यादेवींचं नाव मिळालं; निवेदनावर 'अहिल्यानगर' लिहायचं का 'अहमदनगर' यावर कार्यकारिणीत अर्धा तास गेला, तेवढाच वेळ मजकुरावरही गेला असता तर बरं झालं असतं. असो.

काहीजणींनी विचारलं की मग सातबाऱ्यावर नाव लावायची मोहीम थांबवायची का. मी हा प्रश्न त्याच बाईला विचारला. ती म्हणाली, "नाव काढू नका ताई. पण नाव लावताना पुढचंही सांगत जा." तर या पावसाळ्यापासून आपल्या शिबिरांत हक्काच्या कागदाबरोबर या कायद्याची माहितीही द्यायची असं ठरलं आहे. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधीच्या महिला सभेत हा विषय मांडा, ठराव झाला तर त्याची नक्कल पाठवा, झाला नाही तर का झाला नाही ते लिहा. आपापल्या तालुक्यात अशा खटल्यात अडकलेल्या बायका असतील तर त्यांची नावं पोस्टकार्डावर लिहू नका, समक्ष येऊन सांगा.

तिच्या खटल्याची पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. थोरलीचं नाव पुन्हा शाळेत घातलं आहे. तारखेला सोबत यायला दोघीजणी हव्या आहेत. ज्यांना जमेल त्यांनी ऑफिसात कळवावं.